संपात गावी आलेली मुलगी

ज्या आपल्या शाळेची ही स्मरणिका, त्या कोकणातल्या गावच्या शाळेत मी पाचवीला आले ती १९८२ च्या जूनमध्ये. आले कसली, राहून गेले. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईत कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, असलेले माझे बाबा त्यांतलेच. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल, असं चाळीत जो तो म्हणत होता. होळी गेली, पाडवा गेला. मे महिन्यात दरवर्षीप्रमाणे परळच्या डेपोवर मला गावच्या एसटीत बसवलं, आंबे-फणस खाऊन ये म्हणाले, आणि शाळा उघडायची वेळ आली तरी न्यायला कोणी आलं नाही. थोरल्या भावाला मात्र मुंबईतच ठेवलं. मुलगा शहरात शिकला पाहिजे, मुलीचं काय, कुठेही शिकेल, असं कोणी तोंडाने म्हणालं नाही. पण न बोललेलंही त्या वयात बरोबर ऐकू येतं.

आईलाही मुंबई सोडता येईना. तिची खानावळ होती. गावाहून एकटे आलेले गडी आमच्या एका खोलीत दोन्ही वेळा जेवायचे आणि पगाराला पैसे द्यायचे. गिरणगावात अशा बायका पुष्कळ. सावकाराच्या व्याजातून त्या सुटाव्यात म्हणून प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते यांच्याचसाठी. आता जेवणाऱ्यांचाच पगार थांबला. आईने कोणाचं ताट बंद केलं नाही, उधारीची वही तेवढी भरत गेली. ती वसूल झाल्याशिवाय मुंबई सोडणार नाही म्हणाली. पुरती वसूल कधीच झाली नाही, हे जाता जाता सांगून टाकते.

गावच्या घरात आजी, आत्या आणि धाकटे काका. माझ्या वाढण्याचा हिशेब मांडायचा तर तो या तिघांच्या नावावर मांडावा लागतो.

आजीचं सारं आयुष्य मुंबईच्या मनिऑर्डरची वाट बघण्यात गेलेलं. पोस्टमन दिसला की ती पदर सावरून खळ्यात, म्हणजे अंगणात, यायची. संपानंतर तो आमच्या घरावरून नुसताच पुढे जायला लागला. काही दिवस तिने बघितलं, मग एके सकाळी कोठीचं दार उघडलं आणि आत्याला म्हणाली, "आता मनिऑर्डर आमी करूची." तेव्हापासून मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर आमची गोण जाऊ लागली. उकडे तांदूळ पायलीने मोजून, त्यात कुळथाचं पीठ, सोलं, आणि वेगळ्या पुडक्यात सुके बांगडे. आजी दाभणाने गोणीचं तोंड शिवायची. टाके इतके जवळ जवळ, की वाटेत कोणी हात घातलाच तर कळलं पाहिजे. पत्ता लिहायचं काम माझं. डांबरात काडी बुडवून गोणपाटावर लिहायचं म्हणजे अक्षर मोठं काढावं लागतं, सुटं काढावं लागतं आणि खाडाखोड चालत नाही. आजीला वाचता येत नव्हतं, तरी ओळ तिरकी गेली की तिला दिसायचं. पुढे शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायला गुरुजी मलाच बोलवायचे आणि सुलेखनाचं श्रेय स्वतःकडे घ्यायचे. घेऊ देत. त्या काळात कोकणच्या घराघरातून असे तांदूळ गिरणगावात गेले. संपाच्या इतिहासात मोर्चे आणि वाटाघाटी सगळ्या येतात, या गोणींची नोंद क्वचितच दिसते.

आत्या लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परत आलेली. का, ते आमच्या घरात विचारायची पद्धत नव्हती. तिचं शिक्षण चौथी, पण पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे सगळे तोंडपाठ. उन्हाळ्यात काजूबिया घ्यायला व्यापारी यायचा. काटा लावून तो कानावरचं पेन काढेपर्यंत आत्याचा आकडा सांगून झालेला असे. तो रुपया-दोन रुपये खाली धरायचा, मग ती पायरीवर बसून शांतपणे पुन्हा पहिल्यापासून सांगायची. सात सवाये पावणेनऊ हे मी पुस्तकात नाही, त्या काट्याशेजारी उकिडवी बसून शिकले.

पण तिचं खरं देणं निराळंच. सातवीत असताना, भातलावणीच्या दिवसांत, वाडीतल्या जाणत्यांनी घरी येऊन सुचवलं की बापाचा पगार नाही, पोरगी हाताशी आली आहे, आता शाळा पुरे. काका गप्प, आजी गप्प. आत्या तरवा, म्हणजे भाताची रोपं, बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "चेडू शाळेत जातला. लावणी मी बघतंय." आणि खरोखरच माझ्या वाटची लावणी तिने काढली. वहाळाला पाणी आलं की इरलं घेऊन साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, ओलांडून द्यायला यायची ती वेगळीच. प्रगतिपुस्तकावर पालकाची सही तिचीच असे. वडिलांचीच हवी, असं एकदा शाळेत कोणीतरी म्हणालं, तेव्हा तिने विचारलं, पाऊस असताना साकव कोण ओलांडून देतं ते लिहायला तुमच्या पुस्तकात रकाना आहे का? सही चालली.

काकांबद्दल लिहिताना मला अजून हसू येतं. ते दशावतारात, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, स्त्रीपार्टी करायचे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्रभर कुठल्या ना कुठल्या देवळात नाटक, पहाटे दहीकाला, आणि उन्हं वर येता येता काका घरी. डोळ्यांत काजळ तसंच, गालावर रंगाचा पुसट पट्टा, आणि पेज पिऊन थेट शेतात. वर्गातली मुलं मला "तुझी काकी आली गो" म्हणून चिडवायची. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं, संवाद जागच्या जागी रचायचे. राणी होऊन काका अशी शुद्ध, घोळदार मराठी बोलायचे की खाली बसलेले मास्तर माना डोलवत. वक्तृत्व स्पर्धेत माझं नाव आलं तेव्हा त्यांनी मला खळ्याच्या कडेला उभं केलं आणि स्वतः पार पलीकडच्या माडाखाली जाऊन बसले. "शेवटचं अक्षर ऐकू येत नाय," एवढंच तिथून ओरडायचे. वाक्य संपता संपता आवाज खाली टाकायची सवय त्यांनीच मोडली. आठवीच्या स्नेहसंमेलनात मला राजाचं काम करायचं होतं. मुलगी राजा कशी, यावर शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली म्हणे. काकांनी आपल्या पेटाऱ्यातला मुकुट आणून दिला आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, मी इतकी वर्षं राणी होतोय, कोणी हरकत घेतली नाही.

आणि बाबा? संपाच्या पहिल्याच पावसाळ्यात ते शेतीला म्हणून आले. चार साचे एका वेळी सांभाळणारा माणूस, पण नांगर धरला की बैल त्यांना न जुमानता बांधाकडे निघायचे. संप मिटल्याचं रीतसर कोणी जाहीर केलंच नाही. त्यांची गिरणी पुढे चालू झाली तेव्हा यांना आत घेतलं नाही, आणि ते एका इमारतीत वॉचमन म्हणून राहिले. त्यांच्याबद्दल एकच गोष्ट या स्मरणिकेत यायला हवी. आपल्या शाळेच्या पहिल्या चिरेबंदी वर्गखोल्या मुंबईकरांच्या वर्गणीतून झाल्या हे सगळ्यांना माहीत आहे. दर पगाराला गाववाल्यांच्या खोलीत बैठक, वर्गणीची पावती, आणि पैसे कमी पडले की परळच्या दामोदर हॉलमध्ये मदतीचं नाटक. बाबांनी त्या नाटकांची तिकिटं रातपाळी करून दारोदार खपवली होती, माझ्या जन्माच्याही आधी. आपली मुलगी याच वर्गात बसणार आहे, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

शहरात शिकायला ठेवलेल्या भावाची शाळा नववीत सुटली. घरात पैसा हवा होता, तो एका छापखान्यात लागला. मी १९८८ मध्ये इथून दहावी झाले, पुढे कॉलेज केलं, आज शिक्षिका आहे. याबद्दल आम्ही दोघं बोललो आहोत, फार वेळा नाही. तो म्हणतो, तुला गावी पाठवली तेव्हा मला तुझी कीव आली होती.

आजी आणि काका आता नाहीत. आत्या गेल्या वर्षी गेली. गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीला यंदापासून तिच्या नावाने बक्षीस द्यावं म्हणून काही रक्कम मी स्कूल कमिटीकडे जमा केली आहे. खजिनदार म्हणाले, पावती नंतर पाठवतो. मी तिथेच बसून राहिले आणि घेऊनच उठले. रक्कम अक्षरी लिहिताना त्यांनी आधी चूक केली होती, तीही दुरुस्त करून घेतली.