पेन्सिल्वेनियात आग हा शाळेचा विषय आहे

इथे मुलांना घरी शिकवायचं तर दरवर्षी १ ऑगस्टच्या आत स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला, प्रतिज्ञापत्र द्यायचं. मग वर्षाला १८० दिवस किंवा प्राथमिकला ९०० तास शिकवायचं, वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायची, कामाचे नमुने फाइलला लावायचे आणि वर्षाअखेरी मान्यताप्राप्त परीक्षकाला मूल आणि फाइल दोन्ही दाखवून त्याचं पत्र ३० जूनपर्यंत पोचवायचं. डेलावेअर नदी ओलांडून शेजारच्या न्यू जर्सी राज्यात गेलं की यातलं काही नाही, कुणाला कळवायलाही लागत नाही. तिथल्या एडिसन गावची मैत्रीण मला विचारते, "तू शिकवतेस का कारकुनी करतेस?" दोन्ही करते, बाई.

पण मला चक्रावून टाकलं ते विषयांच्या यादीने. इंग्रजी, गणित, विज्ञान, भूगोल, अमेरिकेचा आणि पेन्सिल्वेनियाचा इतिहास, नागरिकशास्त्र, इथवर ठीक. पुढे सुरक्षा, आणि त्यात आगीचे धोके व आगीपासून बचाव यांचं 'नियमित आणि सातत्याने' शिक्षण. कायद्यातच तसं लिहिलंय! सात वर्षांच्या मुलीला नियमितपणे आगीबद्दल काय सांगणार? आमच्या घरी या वयाच्या मुली देवापुढे निरांजन लावायच्या आणि स्टोव्हला पिनही मारायच्या. कुणी अभ्यासक्रम काढला नव्हता. (त्या काळी पेपरात 'स्टोव्हचा भडका' ही बातमी सारखी असायची, ते वेगळं.)

तरी ऑक्टोबरचा एक अख्खा आठवडा आगीला दिला. १८७१ साली शिकागो जळलं, त्याची आठवण म्हणून ९ ऑक्टोबर येतो तो आठवडा देशभर आग-प्रतिबंधाचा म्हणून पाळतात, तोच धरला. सोमवारी पणती लावून तिच्यावर वेगवेगळ्या आकाराच्या काचेच्या बरण्या पालथ्या घातल्या. लोणच्याच्या मोठ्या बरणीत ज्योत सगळ्यात जास्त वेळ टिकली, जॅमच्या बाटलीत लगेच गेली. थोरलीने सेकंद मोजून आलेख काढला, चार वर्षांच्या धाकट्याने प्रत्येक वेळी 'हॅपी बर्थडे' म्हटलं. नोंदवहीत विज्ञान, गणित आणि आग, तिन्ही लिहिलं. संगीतही लिहिणार होते.

मंगळवारी घराचा नकाशा काढला. प्रत्येक खोलीतून बाहेर पडायच्या दोन वाटा आणि बाहेर जमायची एक ठरलेली जागा, आमची टपालपेटीजवळ. सांगलीला व्हिडिओ कॉल लावून थोरलीने आजीचीच तपासणी घेतली.

"आजी, तुझ्याकडे धुराचा अलार्म आहे का?"

"आहे की. शेजारच्या काकू. दूध करपलं की माझ्याआधी त्यांना कळतं."

मग नेहमीचा प्रश्न माझ्यासाठी. पोरीला शाळेत कधी घालणार? मी नेहमीचं उत्तर दिलं, इथल्या शाळेत मराठी मागे पडतं वगैरे. ते खोटं नाही. पण मागच्या वर्षी ती शाळेत होती तेव्हा तिथे दोन प्रकारच्या कवायती व्हायच्या. आगीची घंटा झाली की रांगेत बाहेर पडायचं. लॉकडाऊन म्हणाले, म्हणजे शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर त्याची तालीम, की दिवे बंद, दार बंद, कोपऱ्यात गप्प बसायचं. घरी येऊन तिने विचारलं होतं, "दोन्ही एकदम झालं तर?" नवरा म्हणाला, तसं होत नसतं. इथल्या सगळ्या आया हे रोज पोटात ठेवून मुलांना बसमध्ये बसवतातच, मी काही फार वेगळी नाही. सासूबाईंना मात्र मी मराठीचंच कारण सांगते.

बुधवारी फिलाडेल्फियाला गेलो, आणि इथे मात्र मी या लोकांपुढे हात टेकले. एल्फ्रेथ्स अ‍ॅली नावाच्या जुन्या गल्लीत विटांच्या घरांवर धातूच्या छोट्या पाट्या दिसतात, त्या आगीच्या विम्याच्या खुणा. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली गावात स्वयंसेवकांचं अग्निशमन दल उभं केलं. सभासदांनी घरात कातडी बादल्या तयार ठेवायच्या आणि सामान वाचवायला पिशव्या. मग १७५२ मध्ये त्याने आणि इतरांनी विमा संस्था काढली, तिची खूण म्हणजे एकमेकांची मनगटं धरलेले चार हात. पुढे या संस्थेने दारात झाड असलेल्या घरांचा विमा नाकारला, कारण झाड आग विझवायच्या आड येतं. मग ज्यांना झाडं सोडवेनात त्यांनी १७८४ मध्ये दुसरी संस्था काढली आणि पाटीवर झाडच घातलं! थोरली वहीत हात आणि झाडं वेगवेगळी मोजत फिरली. धाकटा झाडाच्या पार्टीत. मीही.

आणि ते स्वयंसेवक अजून आहेत. राज्यातली बहुतेक अग्निशमन दलं बिनपगारी माणसांवर चालतात. शनिवारी आमच्या गावच्या दलाने दारं उघडी ठेवली होती. नळ दुरुस्त करणारे, दुकान चालवणारे लोक, पेजर वाजला की हातातलं काम टाकून बंबाकडे धावतात. बंबाच्या पैशासाठी बिंगो भरवतात, चिकन भाजून विकतात. एवढ्या श्रीमंत देशात बंबासाठी चिकन विकावं लागतं, हे मी नवऱ्याला दोनदा ऐकवलं. आपल्याकडे गल्लीत आग लागली तर सगळी गल्ली बादल्या घेऊन धावते, हेही ऐकवलं. "आणि बोळात बंब शिरत नाही," तो म्हणाला. बंब शिरत नाही म्हणूनच तर गल्ली धावते.

त्यांच्यातल्या एका काकांनी पूर्ण पोशाख आणि मुखवटा चढवून मुलांसमोर रांगून दाखवलं. धुरात अशी माणसं पाहून मुलं घाबरून पलंगाखाली लपतात, म्हणून आधीच ओळख करून द्यायची. धाकटा आधी रडला, मग मुखवट्याच्या काचेवर त्याने टकटक केलं.

रात्री नोंदवही भरताना आगीच्या रकान्यात जागा पुरली नाही, चिठ्ठी जोडली. पुढच्या महिन्यात पेन्सिल्वेनियाचा इतिहास आहे. त्यातला बराचसा फ्रँकलिनने याच आठवड्यात उरकून दिलाय.