आमच्या घरात कोणी थेंबालाही शिवत नाही

बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर एवढंच होतं: वय १३, पोटात दुखतंय, अपेंडिक्स बघावे. बाहेर धो धो पाऊस, सिंहगड रस्त्यावरची वाहतूक तुंबलेली, त्यामुळे बरेच पेशंट उशिरा येत होते. हा मुलगा मात्र आई आणि आजीबरोबर धायरीहून वेळेच्या आधीच येऊन बसला होता. उपाशीपोटी यायला सांगितलेलं, त्यामुळे चेहरा पार उतरलेला.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. पोटदुखीची मुलं माझ्याकडे रोज येतात आणि बहुतेकांच्या आतड्यांलगतच्या गाठी थोड्याशा सुजलेल्या निघतात. एखादा साधा विषाणू संसर्ग होऊन गेलेला असतो, गाठी आपोआप बसतात. याचंही तसंच निघालं. उजव्या बाजूला, बेंबीच्या खाली सोनोग्राफीचा प्रोब हळूहळू दाबत गेले आणि अपेंडिक्स सापडलं: बारीक, दाबलं की चपटं होणारं, निरोगी. मुलाने छताकडे बघत विचारलं, ‘‘ऑपरेशन करायचंय का?’’ नाही म्हटल्यावर त्याने रोखून धरलेला श्वास सोडला.

पण पोटाची सोनोग्राफी म्हटली की सगळं पोट बघायचं असतं. प्रोब उजव्या बरगड्यांखाली नेला आणि पडद्यावर यकृत आलं. पांढरं.

निरोगी यकृत आणि त्याला लागून असलेलं उजवं मूत्रपिंड पडद्यावर जवळपास सारख्याच करड्या रंगाचे दिसतात. आम्ही दोन्ही एकाच चौकटीत घेऊन तुलना करतो. इथे यकृत इतकं उजळ होतं की शेजारचं मूत्रपिंड काळं वाटत होतं. यकृताच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा एरवी ठळक दिसतात, त्या पुसट झालेल्या. मागची श्वासपटलाची रेषाही अंधूक. ग्रेड टू फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात मध्यम प्रमाणात साठलेली चरबी. सोनोग्राफीत थोडीशी चरबी भरवशाने दिसत नाही. यकृताचा साधारण पाचवा हिस्सा चरबीने भरला की मगच ती नजरेत येते. म्हणजे जे दिसत होतं ते बऱ्याच दिवसांचं साठलेलं होतं, आणि तेही आठवीतल्या मुलाच्या पोटात.

डावं मूत्रपिंड बघायला त्याला कुशीवर वळवलं तेव्हा मान दिसली. मानेच्या मागे काळसर, जाडसर पट्टा, हात लावला तर मखमलीसारखा मऊ. माझं लक्ष गेलेलं आईच्या ध्यानात आलं. ‘‘मॅडम, मी दर रविवारी घासते हो. डाळीचं पीठ झालं, लिंबू झालं, घोसाळ्याची शीर झाली. मळ निघतच नाही.’’ मुलाने लगेच कॉलर वर ओढली. त्या ओढण्यावरूनच कळलं, की घरात आणि वर्गात या मानेवरून त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलंय.

मी त्यांना म्हटलं, ‘‘ताई, हा मळ नाहीये. आजपासून घासणं बंद.’’ शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडत राहतं, आणि त्या वाढलेल्या इन्सुलिनमुळे मानेवर, काखेत त्वचा अशी जाड आणि काळी होते. मान आणि यकृत एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होते.

अहवाल लिहून लिफाफ्यात घातला आणि पाठवून दिलं, असं करता आलं असतं. पण ‘फॅटी लिव्हर’ हे दोन शब्द कागदावर वाचून घरी जाणाऱ्या आईला त्यातून काय कळणार? मी तिघांनाही समोर बसवलं आणि सांगितलं.

आजी ताडकन उठल्या. ‘‘डॉक्टरबाई, काहीतरी चुकतंय तुमचं. आमच्या घरात कोणी थेंबालाही शिवत नाही. माळकरी घर आहे आमचं.’’

त्यांचा राग मला पूर्ण समजला. लिव्हर खराब म्हणजे दारू, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलेलं आहे की तेरा वर्षांच्या नातवाबद्दल तसं ऐकणं म्हणजे घराण्यावरच आळ. डॉक्टरांचीही एके काळी हीच समजूत होती. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० रुग्णांची नोंद केली. यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर थेट दारुड्याचा वाटावा, पण ही माणसं दारू पीत नव्हती. तोवर या आजाराला नावच नव्हतं. त्यांनी दिलेल्या नावात ‘दारूविना’ हे शब्द होते आणि ते पुढे चाळीसेक वर्षं टिकलं. २०२३ मध्ये नाव बदलून चयापचयाच्या बिघाडाशी जोडलं गेलं. आजींना मी सालं सांगत बसले नाही. ‘‘आजी, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. हे दारूने झालेलं नाही,’’ एवढं म्हटलं तेव्हा त्या खाली बसल्या.

‘‘मग कशाने?’’

‘‘दिवसभरात साखर किती जाते याच्या पोटात?’’

आईने मान हलवली. तो गोड खातच नाही. गुलाबजाम दिला तर अर्धा टाकतो, श्रीखंड नको म्हणतो, चॉकलेट आम्ही आणतच नाही. ती अगदी खरं बोलत होती. अशा घरांमध्ये साखर मिठाईच्या ताटातून येतच नाही. मी लिफाफ्याची मागची बाजू पुढे घेतली आणि म्हटलं, सकाळपासून सांगा.

सकाळी दूध. त्यात चॉकलेटच्या चवीची ‘ताकदीची’ पावडर दोन मोठे चमचे, वर एक चमचा साखर, कारण त्याशिवाय तो पीत नाही. घरी असलेल्या त्याच्या ताईला फोन करून पावडरीच्या डब्यामागचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवला: १०० ग्रॅममध्ये ३२ ग्रॅम अ‍ॅडेड शुगर. म्हणजे एका पेल्यात पावडरीतली ६ आणि वरची ४, झाली १० ग्रॅम. रात्री झोपताना पुन्हा तेच. डब्यात जॅम-पोळी, १२ ग्रॅम तरी धरा. शाळेतून क्लासला जाताना क्रीमच्या बिस्किटांचा अर्धा पुडा, १५. क्लास टिळक रस्त्यावर, सुटल्यावर मित्रांबरोबर आंब्याच्या पेयाची छोटी बाटली. ‘‘ज्यूसच आहे ना ते,’’ आई म्हणाली. त्या बाटलीत ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. बेरीज पंचाहत्तरच्या पुढे गेली. सपाट चमचा ४ ग्रॅमचा, म्हणजे १९ चमचे. शनिवारी बाबा दोन लिटरची कोलाची बाटली आणतात ती यात धरलेलीच नाही. तिच्या दर १०० मिलिलिटरमध्ये साधारण १०-११ ग्रॅम साखर.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलंय, की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून येणारी साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी चांगलं. २००० कॅलरी धरल्या तर हे ५० आणि २५ ग्रॅम होतात. २५ ग्रॅम म्हणजे सहा चमचे. मुलगा लिफाफ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, ‘‘आमच्या शाळेत शुगर बोर्ड लावलाय. कोलाचं मला माहितीये.’’ २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना कशात किती साखर हे दाखवणारे असे फलक लावायला सांगितले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण दुधातल्या पावडरीबद्दल त्याला कोणी बोललं नव्हतं, कारण ती घरात औषधाच्या मानाने येते. अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढा, असं केंद्र सरकारला २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगावं लागलं. घराघरांत मात्र तो डबा अजून ताकदीचाच आहे.

साखरेचं यकृताशी असं काय वैर? आपली साखर अर्धी ग्लुकोज आणि अर्धी फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळ्या शरीराला चालतं, स्नायू वापरतात, मेंदू वापरतो. फ्रुक्टोजचा बराचसा भार यकृतावरच पडतो. शिवाय ग्लुकोजच्या वाटेवर यकृतात एक नाका असतो, पुरेशी ऊर्जा झाली की तो आवक कमी करतो. फ्रुक्टोज तो नाका टाळून आत शिरतं. जास्त आलं की यकृत त्याची चरबी करतं. थोडी रक्तात सोडतं, म्हणून ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाढते, आणि उरलेली स्वतःतच साठवतं. चरबी भरलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकत नाही, मग इन्सुलिन आणखी वाढतं, आणि मान काळी पडायला लागते. पुढे टाइप टू मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार ही रांग उभीच असते. काहींच्या यकृताला सूज येऊन ते आतून कडक व्हायला लागतं. सगळ्यांचं तसं होत नाही, पण कोणाचं होईल ते आधी सांगता येत नाही. सगळा दोष एकट्या साखरेचा, असं मी म्हणणार नाही. तळलेलं, मैद्याचं खाणं, क्लासमुळे बंद पडलेलं खेळणं, घरातला मधुमेह, सगळ्याचा हात असतो. पण पातळ साखर सगळ्यांत लबाड, कारण तिने पोट भरत नाही. ती पिऊनही मुलगा तेवढंच जेवतो.

‘‘पण मॅडम, तो जाड कुठे आहे?’’ आईचा हा प्रश्न रास्त होता. हातपाय काटकुळे, पोट मात्र पुढे आलेलं. याचं उत्तर पुण्यानेच जगाला दिलंय. इथल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं यांची तुलना केली. आपली सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. स्नायू, पोट सगळं आपल्या बाळांत कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. दिसायला बारीक, आतून चरबी, ही आपली जन्मजात ठेवण. म्हणून वजनकाट्यावर भरवसा ठेवून चालत नाही. ‘अंगाने बारीक आहे, खाऊ दे की’ हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकते, आणि दर वेळी जीव खाली-वर होतो.

आजींनी मध्येच विचारलं, ‘‘मग दुधात गूळ घालू का?’’ नाही, आजी. गुळातही बहुतांश साखरच. मध घातला तरी तेच. फळ चालेल, पण सोलून, चावून. संत्र्याचा रस काढला की चोथा गेला आणि साखर तेवढी राहिली.

मी तिथूनच बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. रक्त तपासलं तेव्हा एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य, ९० आलं. लॅबच्या कागदावर ४०-४५ पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं, पण मुलांच्या बाबतीत तज्ज्ञ त्याहून कडक मर्यादा धरतात, मुलग्यांत २६ च्या आसपास. साखर मधुमेहाच्या आत होती, पण काठावर.

त्या संध्याकाळी आईला जे मी सगळ्यांत आवर्जून सांगितलं ते औषधाबद्दल नव्हतं. २०१९ मध्ये अमेरिकेत फॅटी लिव्हर असलेल्या ४० मुलग्यांवर एक अभ्यास झाला, वयं ११ ते १६. निम्म्यांच्या जेवणातली वरची साखर आठ आठवडे जवळजवळ बंद केली, एकूण कॅलरींच्या ३ टक्क्यांखाली आणली. त्यांच्या यकृतातली चरबी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. बाकीच्यांची २१ वरून २०. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: ते जेवण एकट्या मुलाला दिलं नव्हतं, घरातल्या सगळ्यांना दिलं होतं. एकाच ताटाला पथ्य लावलं की मूल एकटं पडतं, चोरून खातं, आणि मग घरात भांडणं. ‘‘त्याला काही बंद करू नका. घरात आणणं बंद करा,’’ असं मी म्हटलं, आणि बाबांनाही हाच निरोप द्यायला सांगितलं.

तीन महिन्यांनी ते फेरतपासणीला आले तेव्हा बाबाही बरोबर होते. पावडरीचा डबा गेला होता. दूध आता नुसतं, सुरुवातीचे काही दिवस तोंड वाकडं करून प्यालेलं. जॅमऐवजी डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि पोळी, क्लासनंतर भाजलेले फुटाणे. कोलाची बाटली बंद करणं सगळ्यांत जड गेलं ते बाबांना, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. रविवारी सकाळी बापलेक आता तळजाई टेकडीवर जातात. एसजीपीटी ४८ वर आलं होतं. पडद्यावर यकृत अजून उजळच, पण रक्तवाहिन्यांच्या कडा परत दिसायला लागल्या होत्या. ग्रेड वन. मानेवरचा पट्टा थोडा फिका झालाय, पूर्ण जायला वेळ लागेल. कॉलर मात्र खाली होती. बाबांनी जाता जाता स्वतःच्या सोनोग्राफीची वेळ घेतली.

आजी सगळ्यांत शेवटी उठल्या. दिवाळी तोंडावर आलेली, फराळाचं काय करायचं हा त्यांचा प्रश्न. मी सांगितलं, फराळ घरी करा, चार दिवस सगळ्यांनी मिळून खा, त्यालाही द्या, करंजीला नाही म्हणू नका. पाचव्या दिवशी डबे रिकामे झाले पाहिजेत, आणि पाहुण्यांसाठी म्हणूनही कोलाची बाटली घरात आणू नका. त्यांनी ते दोनदा विचारून पक्कं करून घेतलं. पुढची सोनोग्राफी जानेवारीत आहे.