एका झुडपापाशी पन्नास मिनिटं

कालच्या डाइव्हमध्ये मी जेमतेम दोन हात पुढे सरकले असेन. 12 मीटर खोलीवर खडकाला हायड्रॉइडचं, म्हणजे झाडासारख्या दिसणाऱ्या डंख मारणाऱ्या प्राण्यांचं, एक विटकरी झुडूप दिसलं आणि तिथेच थांबले.

न्यूडिब्रँक, म्हणजे शंख नसलेली समुद्री गोगलगाय, हवी असेल तर आधी तिचं खाणं शोधावं. कुणी स्पंजवर जगते, कुणी हायड्रॉइडवर. इथे आधी दिसली ती अंडी, फांदीला गुंडाळलेला पांढरा दोराच जणू. म्हणजे ती जवळपास असणार. होतीच, करंगळीच्या नखापेक्षाही लहान! पाठभर बोटांसारखे झुपके. हायड्रॉइड खाताना त्याच्या डंखपेशी ती न पचवता या बोटांच्या टोकांत साठवते आणि स्वतःच्या रक्षणासाठी वापरते. कितीही वेळा पाहिलं तरी मला याचं नवल वाटतं.

टॉर्च लावल्यावर ती टोकं नारिंगी निघाली. लाल-नारिंगी उजेड पाणी वरच्या थरांतच गिळतं, म्हणून फोटोसाठी स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, लागतो. पण काल पाणी गढूळ होतं आणि पहिल्या फोटोंत गोगलगायीपेक्षा उजळलेल्या गाळाचे पांढरे ठिपकेच जास्त. स्ट्रोबचे दांडे बाहेर फाकवले, आणखी जवळ गेले, तेव्हा चित्र स्वच्छ आलं. लेन्सचं छिद्र अगदी बारीक, एफ 22 वर, ठेवूनही इतक्या जवळून काही मिलिमीटरच स्पष्ट येतात. ते मी डोक्यावरच्या दोन शिंगांना देते. त्यांनीच ती वास घेते. डोळ्यांना उजेड-अंधारापलीकडे फारसं कळत नाही.

खरी कसरत श्वासाची. श्वास घेतला की शरीर वर उचललं जातं, सोडला की खाली येतं, आणि रोखून तर धरायचा नसतोच. उच्छ्वास संपत आला की बटण दाबायचं.

सुरुवातीच्या काळात चांगल्या पार्श्वभूमीसाठी मी एका गोगलगायीला धातूच्या काडीने हलवलं होतं. तिची पकड सुटली आणि प्रवाहाने तिला नेलं. त्या दिवसाचे सगळे फोटो मी पुसून टाकले. काडी तेव्हापासून सोबत नेत नाही.

टाकीतल्या हवेचा दाब 70 बारवर आला तेव्हा बडीने, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराने, वर चलण्याची खूण केली. निघताना त्याच झुडपावर एक स्केलेटन श्रिंप, काडीसारखा बारीक, कोळंबीच्या नात्यातला जीव, डुलताना दिसली, अंगावर पिल्लं घेऊन. एकच फोटो काढता आला, तोही अस्पष्ट. उद्या पुन्हा तिथेच उतरणार आहे.