ओली भिंत, नोंद दुसरी: वरून कोरडी, आतून नाही

ज्या पाइपाच्या गळतीने ही भिंत ओली झाली, त्याचा झिरपणारा जोड बदलून झाला. घरातल्या सगळ्या तोट्या बंद ठेवून रात्रभर मीटरचा आकडा जागचा हलला नाही, तेव्हाच गळती थांबली असं धरलं. त्या भिंतीतल्या स्विचबोर्डाचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) मात्र अजून खालीच, म्हणजे बंद आहे. बोर्डाच्या डब्यात ओल राहते आणि ती बाहेरून कळत नाही, त्यामुळे तिथे घाई नाही.

खरं काम खरवडण्याचं निघालं. प्लास्टिक पेंट आणि पुट्टी अंगावर असेपर्यंत भिंत नीट वाळत नाही, कारण वाफेला बाहेर पडायला वाटच मिळत नाही. खरवडायचा पत्रा लावला की रंगाचा अख्खा पापुद्रा रबरासारखा ताणला जात सुटतो, मागे पुट्टीचा करडा लगदा उरतो. हातोडीच्या दांड्याने गिलावा ठोकत गेलो. जिथे ‘भद्द’ वाजलं तिथला विटेपर्यंत उतरवला, डागाच्या कडेपलीकडे वीतभर जास्तच. टणक वाजला तो ठेवला. कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके होते. ओल राहिली तर बुरशीला एक-दोन दिवसही पुरतात, त्यामुळे तिथे खरवडताना एन-९५ मास्क लावला आणि भाग आधी किंचित ओलसर केला, म्हणजे धूळ उडत नाही.

आता मुद्द्याचं. पंखा लावल्यावर पहिल्या काही दिवसांत भिंतीचा रंग झपाट्याने फिका पडला. हाताला कोरडी लागते, वासही गेला. इथेच बहुतेक जण पुट्टी कालवायला घेतात. पण वाळण्याचे दोन टप्पे असतात. सुरुवातीला विटेतल्या बारीक छिद्रांतून पाणी स्वतःच पृष्ठभागाकडे ओढलं जातं आणि तिथून उडून जातं. या टप्प्यात वारा जितका जास्त तितकं काम भराभर. पुढे पाण्याचा हा सलग धागा तुटतो, ओलीची हद्द आत सरकते आणि उरलेलं पाणी वाफ होऊनच छिद्रांतून वाट काढतं. तेव्हा पंखा कितीही जोरात फिरवा, वेग वाढत नाही. विटेच्या भिंतीला महिन्याला साधारण इंचभर हा जुना ठोकताळा आहे. माझी भिंत नऊ इंची आणि पलीकडून टाइल्स, म्हणजे वाळणार एकाच बाजूने. हिशेब ज्याचा त्याने करावा!

दोन सुयांचा मॉइश्चर मीटर लाकडासाठी आखलेला असतो. विटेवर त्याचा आकडा म्हणजे ओलीची टक्केवारी नव्हे. शिवाय क्षार असले की तो उगाच वर चढतो. म्हणून मी पेन्सिलीने चौकटी आखून त्याच त्या जागा तपासतो आणि शेजारच्या कोरड्या भिंतीशी ताडून बघतो. त्याहून भरवशाचं म्हणजे विटेत खोल भोक पाडून त्यात छोटा आर्द्रतामापक बसवणं आणि तोंड टेपने बंद करणं. लगेच वाचायचं नाही, आतली हवा स्थिरावू द्यायची. पृष्ठभागावरचा मीटर कोरड्या भिंतीच्या जवळपास आला, पण भोकातला आकडा नव्वद टक्क्यांच्या आसपासच रेंगाळतोय.

डीह्युमिडिफायर (हवेतली वाफ ओढून टाकीत पाणी जमवणारं यंत्र) चालू असताना खिडक्या घट्ट बंद, नाहीतर तो बाहेरची हवा वाळवत बसतो. तो बंद असताना खिडकी कधी उघडायची यावर मात्र आपल्याकडे बरेच गैरसमज दिसतात. दुपारी ३० अंश आणि ५० टक्के आर्द्रता म्हणजे घनमीटरला सुमारे १५ ग्रॅम वाफ. पहाटे २० अंश आणि ७० टक्के म्हणजे जेमतेम १२ ग्रॅम. पहाटेची हवा अंगाला दमट लागते, पण खोलीत घेऊन ती तापली की भिंतीतून जास्त वाफ शोषते. टक्के बघून नव्हे, ग्रॅम बघून खिडकी उघडा.

हीटर भिंतीच्या तोंडाशी लावायच्या मी साफ विरोधात आहे. वरचा थर तडकाफडकी सुकतो, आणि पाणी पृष्ठभागावर न उडता आतच उडायला लागलं की क्षारांचे स्फटिक तिथेच वाढून गिलावा सुटवतात.

तसेही क्षार आलेच. विटांच्या सांध्यांवर पांढरे, केसाएवढे बारीक तंतू उभे राहिले होते, फुंकर मारली तर हलणारे. लोणा लागला म्हणून घाबरायचं कारण नाही, पाणी बाहेर येतंय याचीच ती खूण. कोरड्या ब्रशने झाडायचे, खाली कागद धरून उचलायचे. पाण्याने पुसलं तर ते विरघळून परत विटेत जातात. झाडले की पुन्हा येतात, दर वेळी थोडे कमी.

डीह्युमिडिफायरच्या टाकीतलं पाणी मी रोज मोजतो. आधी टाकी भरून वाहायची, आता तळ झाकण्यापुरतं जमतं. भोकातला आकडा कोरड्या भिंतीतल्या तशाच भोकाशी जुळेपर्यंत गिलावा नाही. नंतर चुन्याचा करायचा विचार आहे, उरलेली वाफ त्यातून निघून जाते. एकाच बाजूने वाळणाऱ्या भिंतीवर कुणी चुना वापरला असेल तर दोन थरांमध्ये किती थांबलात ते सांगा.