कालाकुंडहून चोरलच्या घळीत

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याने सिमरोळ ओलांडले की घाट लागतो आणि माळव्याचे पठार संपते, हे ओंकारेश्वरला जाताना आपण सर्वांनी गाडीच्या खिडकीतून पाहिलेले असते. पठाराची ही कड पायांनी जाणून घ्यावी अशी माझी फार दिवसांची इच्छा होती, आणि तिचे मूळ आमच्या घरच्या नळात आहे. १९७८ पासून इंदूर नर्मदेचे पाणी पिते. ते नर्मदाकाठच्या जलूदहून पंपांनी टप्प्याटप्प्याने विंध्याचा हाच चढ चढवून आणले जाते; नदी आणि शहर यांच्या उंचीत जवळजवळ चारशे मीटरचे अंतर आहे. आपण इतकी वीज खर्चून पाणी वर आणतो आणि त्याच वेळी महूकडचे पावसाचे पाणी चोरल नदीच्या वाटेने आपोआप खाली उतरून बडवाहजवळ नर्मदेला मिळते. ते उतरताना खडकाचे काय करते, हे मला पाहायचे होते. नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही कालाकुंड गावाहून नदीच्या पात्राने वर, पाताळपाणीच्या धबधब्याच्या दिशेने गेलो, तो याच हेतूने.

आमच्यापैकी प्रत्येकाचा हेतू मात्र वेगळा होता. भूगर्भशास्त्राचे अध्यापन करून निवृत्त झालेले एक काका खडकांसाठी आले होते, माझ्या भाच्याला दोरावरून उतरण्याची आवड होती आणि वहिनींना शहराच्या आवाजापासून एक दिवस दूर राहायचे होते. निघण्याआधी हे एकमेकांना मोकळेपणाने सांगावे, असा माझा आग्रह होता आणि तो पुढे जाणाऱ्यांनीही धरावा. घळीत माणूस कुठे थांबतो, कुठे धोका पत्करतो आणि कुठून माघारी वळतो, हे बहुतेक वेळा तो कशासाठी आला आहे यावरच ठरते. ज्याला केवळ छायाचित्र हवे असते तो कड्याच्या टोकाशी आणि पाण्याच्या मधोमध जाऊन उभा राहतो, कारण चित्र तिथेच चांगले येते. ज्याला नदी समजून घ्यायची असते तो आधी काठ पाहतो, पुराच्या खुणा शोधतो आणि मग पाऊल टाकतो.

कालाकुंडपर्यंत चोरल गावावरून रस्ता आहे, पण शेवटचा भाग खडबडीत असल्याने उंच चाकांची गाडी बरी. पाताळपाणी ते कालाकुंड अशी सुमारे साडेनऊ किलोमीटरची मीटर गेज वारसा रेल्वे डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. तिचे दिवस हंगामानुसार बदलतात, म्हणून आधी चौकशी करावी. रुळांवरून चालत जाण्याचा मोह अनेकांना होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण बोगद्यात आणि पुलावर बाजूला सरकायला जागा नसते. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून ही लोहमार्गाची वाट झाली, आणि पठारावर चढण्यासाठी अभियंत्यांनीही चोरलच्याच दरीचा आधार घेतला, ही गोष्ट खालून वर पाहताना फार चांगली उमगते.

पात्रात शिरताच काकांनी आम्हाला थांबवून समोरची भिंत वाचायला शिकवली, आणि माझ्या दृष्टीने सहलीचा सर्वांत मोलाचा वेळ तोच होता. हा सारा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्ह्याचा आहे. लाव्हा एकदम आला नाही. थरावर थर साचत गेले, म्हणून भिंत पायऱ्यापायऱ्यांची दिसते. काही थर घट्ट आणि उभ्या भेगांचे असतात, तर काही वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र, आणि त्या छिद्रांत पुढे पांढरी खनिजे भरलेली असतात. पाणी मऊ थर आधी पोखरते, वरचा कठीण थर आधार सुटल्यावर उभ्या भेगांवर तुटून कोसळतो आणि धबधब्याची कड थोडी मागे सरकते. पाताळपाणीचा सुमारे तीनशे फुटांचा धबधबा असाच मागे सरकत आला आहे आणि त्याने मागे सोडलेली वाट म्हणजे ही घळ. आम्ही ज्या खोलीएवढ्या शिळांवरून चढत होतो त्या कधीकाळी वरच्या कडेचा भाग होत्या, हे कळल्यावर प्रत्येक शिळेकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. नदी नेमके काय करते हा माझा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर मी हातांनी धरून चढत होते.

सावधगिरीचे कारणही याच रचनेत आहे. घळीला पाणी पुरवणारे क्षेत्र वर पठारावर पसरलेले आहे. तिथे पाऊस झाला तर खाली निरभ्र आकाश असतानाही लोंढा येतो, आणि अरुंद पात्रात त्याची उंची क्षणात वाढते. जुलै २०११ मध्ये पाताळपाणीला पाण्यात उभे असलेले एक कुटुंब अशाच लोंढ्यात वाहून गेले, हे इंदूरकर विसरलेले नाहीत. म्हणून जून ते सप्टेंबर घळीत उतरूच नये आणि धबधबा वरून, कठड्यामागूनच पाहावा. इतर महिन्यांतही पाणी गढूळ होऊ लागले, पाने व काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान सोडून जवळच्या उंच काठावर चढावे. पात्रातून खाली पळू नये.

कालाकुंडमधील एक गृहस्थ वाट दाखवायला सोबत होते. आम्ही त्यांना मामा म्हणत होतो. कड्यावरची आग्या मोहोळे त्यांनी दुरूनच दाखवली आणि तिथून आम्हाला न बोलता पुढे नेले. अत्तर, धूर आणि मोठा आवाज वर्ज्य समजावेत. या जंगलात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे एकट्याने मागे रेंगाळू नये. महूच्या आसपास लष्कराची गोळीबाराची मैदाने आहेत. नकाशावर सोयीची दिसणारी आडवाट धरून तिकडे जाऊ नये आणि वाटेत धातूची कोणतीही वस्तू पडलेली दिसली तर तिला हात लावू नये.

दुपारी एका अरुंद जागी खोल डोहाने पात्र भिंतीपासून भिंतीपर्यंत अडवले होते. बाजूच्या कड्यावर दोर लावून पुढे जाता येईल, असे भाच्याचे मत होते, आणि त्याने प्रशिक्षणही घेतलेले आहे. परंतु आमच्यात दोराचे काम जाणणारा तो एकटाच होता, वर जिथे खिळा ठोकता आला असता तो खडक भेगाळलेला होता आणि हिवाळ्यात घळीतले ऊन पठाराच्या कितीतरी आधी जाते. आम्ही तिथूनच परतलो. त्याला वाईट वाटले, आणि ते मला समजले. अवघड जागी आपल्या शरीराची व मनाची परीक्षा घ्यावीशी वाटणे ही रानात जाण्याची खरी आणि आदरास पात्र प्रेरणा आहे. मात्र तिच्यासाठी दोर जाणणारी किमान दोन माणसे, शिरस्त्राणे आणि आधी पाहून ठेवलेली परतीची वाट हवी. ज्यांना तेवढ्यासाठीच यायचे असेल त्यांनी अनुभवी गटाबरोबर स्वतंत्र दिवस काढावा, आमच्यासारख्या मिश्र चमूबरोबर नव्हे.

सकाळी आठच्या आत पात्रात उतरावे आणि दुपारी दोनला, कुठेही असलात तरी, मागे वळावे. घट्ट पकडीचे बूट ओले झाले तरी पायांतून काढू नयेत, कारण शेवाळलेला बेसॉल्ट अनवाणी पायाला दाद देत नाही. माणशी तीन लिटर पाणी न्यावे. डोहातले पाणी गुरे पितात, ते तसेच पिऊ नये. मोबाइलचा संपर्क आत जवळजवळ मिळत नाही, तेव्हा घरी वाट आणि परतीची वेळ लिहून द्यावी. वाट दाखवणाऱ्याचा मोबदला निघण्याआधीच ठरवावा आणि तो पुरेसा असावा. कालाकुंडला पानात बांधून मिळणारा कलाकंद मात्र परतताना घ्यावा. दुपारपर्यंत तो बरेचदा संपतो, म्हणून सकाळीच सांगून ठेवलेले बरे.