पूर्वीचे पेपर निःपक्षपाती होते का?

जुनी वर्तमानपत्रं वाचायचा मला नाद आहे हे कळलं, की हा प्रश्न हमखास येतो. "पूर्वीचे पेपर निःपक्षपाती होते, हो ना? आता सगळे विकले गेलेत." तुम्हीही तेच विचारलंत म्हणून लिहितो.

निःपक्षपाती ते अजिबात नव्हते. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं तेच उघड हेतूने: इथल्या लोकांना विलायतेतली विद्या कळावी आणि साहेबाला इथल्या लोकांचं म्हणणं. म्हणून एका रकान्यात मराठी, शेजारच्या रकान्यात इंग्रजी. १८८१ साली 'केसरी' निघाला, आगरकर त्याचे पहिले संपादक. पुढे सामाजिक सुधारणांवरून टिळकांशी मतभेद विकोपाला गेले, तेव्हा त्यांनी १८८८मध्ये स्वतःचा 'सुधारक' काढला. बाजू मांडायची म्हणूनच पेपर काढायचा, ही त्या काळची रीतच. मला त्यात गैर काही वाटत नाही. कोण कुठल्या बाजूचा ते वाचकाला पक्कं ठाऊक असे.

खरं दुखणं वेगळं होतं. काहींची बाजू कुठेच छापून येत नसे. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' सुरू केला तो यासाठीच. नंतर नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो मुंबईत चालवला आणि गिरणीतल्या माणसांची गाऱ्हाणी त्यात येऊ लागली. गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी १८९०मध्ये मिळाली, ती लोखंड्यांनी लावून धरल्यामुळे.

आणि मग 'मूकनायक'. ३१ जानेवारी १९२०, शनिवार. बाबासाहेब आंबेडकरांनी काढलेला. ते तेव्हा सरकारी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने या पाक्षिकाची जाहिरात घेतली नाही. पहिल्या पानावर तुकोबांचा अभंग: 'काय करूं आता धरूनिया भीड, निःशंक हे तोंड वाजविले'. आतल्या अग्रलेखात बाबासाहेब सरळ लिहितात, की मुंबई इलाख्यातली बहुतेक पत्रं विशिष्ट जातींचं हित पाहणारी आहेत, इतरांची त्यांना पर्वा नाही. आणि पुढे त्याच पत्रांना बजावतात, की आगबोटीतल्या एका उतारूने दुसऱ्याच्या खोलीला भोक पाडलं, तर बोटीबरोबर तोही बुडणार. हा अग्रलेख मी कितीदा वाचला असेल, तरी त्या ओळींशी थांबतोच.

त्यामुळे आजच्या पेपरबद्दल माझी तक्रार पक्षपाताची नाहीच. तेव्हाचे पेपर वर्गणीदारांच्या आणि एखाद्या आश्रयदात्याच्या बळावर कसेबसे तगायचे, बंदही पडायचे. आज अंकाच्या किमतीत छपाईचा खर्चही निघत नाही, घर चालतं ते जाहिरातीवर. तालुक्याच्या वार्ताहराकडे बघा. तुटपुंजं मानधन, आणि वर दिवाळी, वर्धापनदिन, पुढाऱ्याचा वाढदिवस, प्रत्येक पुरवणीसाठी जाहिराती गोळा करायचं काम त्याच्याच गळ्यात. त्याने बाजार समितीतल्या घोळावर लिहायचं कसं, जेव्हा शुभेच्छांची अर्ध्या पानाची जाहिरात समितीच्या सभापतीकडूनच आणायची असते? तो घोळ चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत असतो. छापून येतो तो सभापतींचा फोटो.