कर्नाटिक बुडाली तिथं: हुर्घादाहून अबू नुहास, आणि त्या रबरी होडीबद्दल

“पाणी तळ्यासारखं असतं, सगळ्यांना जमतं.” इजिप्तमधल्या हुर्घादात डायव्हिंगच्या काउंटरवरचा माणूस हे म्हणाला, तेव्हा त्याच्या पाठीमागे अबू नुहासचा भला मोठा फोटो लावलेला होता. फोटोतलं पाणी खरंच तळ्यासारखं होतं. तिथं गेल्यावर कळलं की फोटो खडकाच्या दक्षिण बाजूचा आहे. बुडालेल्या बोटी सगळ्या उत्तर बाजूला आहेत. माझी उजवी बरगडी अजून ठणकते आहे, त्यामुळे खालचा सूर जरा कडवट लागला तर सांभाळून घ्या.

अबू नुहास हा सुएझच्या आखाताच्या तोंडाशी, शदवान बेटाच्या वायव्येला पसरलेला प्रवाळाचा खडक. पाण्याच्या जेमतेम खाली, म्हणजे बोटवाल्यांच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट उंचीवर. वर्षातले बहुतेक दिवस वारा उत्तरेकडून येतो आणि लाटा सरळ याच बाजूवर आपटतात. इथं ओळीनं चार बोटी पडल्यात. मसुराची किमॉन एम (१९७८), लाद्यांची ख्रिसूला के (१९८१), लाकडाची जियानिस डी (१९८३), आणि या तिघींची पणजी शोभेल अशी कर्नाटिक, १८६९ ची. मी गेलो होतो तो फक्त तिच्यासाठी.

कारण ती आपल्याकडे यायला निघाली होती. पी अँड ओ कंपनीची ही वाफेवर आणि शिडांवर चालणारी बोट १८६२ साली लंडनला बांधली. सुएझचा कालवा तेव्हा उघडला नव्हता. विलायतेहून माणसं आणि टपाल बोटीनं अलेक्झांड्रियाला, तिथून आगगाडीनं सुएझला, आणि सुएझहून दुसऱ्या बोटीनं मुंबईला, असा मामला. १२ सप्टेंबर १८६९ ला सकाळी कर्नाटिक सुएझहून मुंबईकडे निघाली. पोटात टपाल, तांब्याचे पत्रे, कापसाच्या गाठी आणि ४०,००० पौंडांची नाणी. (कापूस मुंबईहून विलायतेला जायचा हे शाळेत पाठ केलेलं. इथं उलटीच गंगा.) त्याच रात्री एकच्या सुमारास ती या खडकावर चढली. खडकाच्या नावातला ‘नुहास’ म्हणजे अरबीत तांबं.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त छळतो. हवा बरी होती, पंप चालत होते, आणि कंपनीचीच ‘सुमात्रा’ नावाची बोट लवकरच तिथून जाणार होती. प्रवासी म्हणत होते की होड्यांतून बेटावर जाऊ द्या. कॅप्टन जोन्स म्हणाले, थांबा. दुसऱ्या रात्री पाणी बॉयलरपर्यंत चढलं, पंप बंद पडले, दिवे गेले. १४ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास बायकापोरांना होडीत बसवायला नुकती सुरुवात झाली होती, तेवढ्यात बोट मधोमध मोडली. खडकावर ३४ तास काढल्यावर. ३१ जण गेले, त्यात पाच प्रवासी आणि २६ बोटीवरची माणसं. वाचलेले शदवानवर पोचले, कापूस पेटवून खुणा केल्या, आणि मग ती सुमात्रा आली. दोनच महिन्यांनी, १७ नोव्हेंबरला, सुएझ कालवा उघडला.

आता माझ्या तीन दिवसांबद्दल. पहिल्या दिवशी पहाटे सहाला धक्क्यावर हजर. पैसे आगाऊ भरलेले: दिवसाचे वेगळे, सामानाचे वेगळे आणि ‘रेक सरचार्ज’ (बुडालेल्या बोटीचा जादा आकार) म्हणून ४० युरो आणखी. बोट निघाली, अर्ध्या वाटेत वारा वाढला, आणि आम्हाला जवळच्या एका साध्या खडकावर नेऊन सोडलं. ठीक आहे, समुद्र कोणाच्या बापाचा नाही. पण संध्याकाळी मी सरचार्ज परत मागितला तर उत्तर आलं, “डिझेल तर जळलंच ना?” डिझेल जळलं ते हुर्घादाच्या वेशीपर्यंत! तेव्हा पहिला सल्ला: हा जादा आकार आगाऊ भरू नका. भरावाच लागला तर पावतीवर ‘अबू नुहास न झाल्यास परत’ असं त्यांच्याकडूनच लिहून घ्या. तोंडी वचनाला तिथं काही किंमत नाही.

दुसरा दिवस आराम. छान गेला, सांगण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या दिवशी पोचलो. दोन तासांचा प्रवास, त्यातला शेवटचा अर्धा तास मोकळ्या समुद्रात. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी आदल्या रात्री एक आणि पहाटे एक घ्यावी. ओकारी यायला लागल्यावर घेतलेली गोळी ओकारीबरोबरच बाहेर येते. आमच्यातल्या दोघांनी हे सप्रयोग दाखवलं. मोठी बोट दक्षिणेच्या आडोशाला नांगरते. तिथं चहा, ऊन, फोटोतलं तळं. आणि मग ब्रीफिंग संपता संपता गाइड सहज म्हणतो, “पुढं झोडियॅकनं जायचं.”

ही झोडियॅक म्हणजे रबरी होडी. आठ माणसं, प्रत्येकाच्या पाठीवर सिलिंडर, पट्ट्यात शिसं, पायात फिन. बसायचं काठावर, पकडायचं एका दोरीला. खडकाच्या टोकाला वळसा घालून होडी उत्तरेला आली आणि पहिल्याच लाटेनं तिचं नाक वर उचललं. नंतरची दहा मिनिटं मी फक्त दोरी बघत होतो. होडी लाटेवर चढते आणि धपकन खाली आदळते. तुमचं बूड तिच्या मागून अर्ध्या सेकंदानं आदळतं, आणि त्याच्या मागून सिलिंडर तुमच्या कमरेवर. समोरच्या जर्मन बाईंचा मास्क डोक्यावरून उडून गेला. मास्क कपाळावर ठेवू नका, गळ्यात अडकवा. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा देणारा भाग) तोंडात, बीसीडी (हवा भरून तरंगवणारं जाकीट) पूर्ण रिकामी, आणि ‘तीन’ म्हणताच पाठीवर उलटं पडून थेट खाली. वर तरंगत राहून ‘ओके’ची खूण करत बसायला इथं वेळ नाही, लाट तुम्हाला खडकाकडे नेते. ज्यांना असं थेट बुडता येत नाही त्यांनी ते आधी सोप्या जागी घोटून घ्यावं. तारकर्लीला हात धरून एक बुडी मारली एवढ्या भांडवलावर इथं येऊ नये. ॲडव्हान्स्ड सर्टिफिकेट कागदावर लागतंच, पण माझ्या मते निदान तीसेक डाइव्ह अंगात मुरलेल्या हव्यात.

पाच मीटर खाली गेलो आणि आवाज थांबला.

कर्नाटिक डाव्या कुशीवर पडली आहे. सगळ्यात खोल भाग सुमारे २७ मीटरवर. दीडशे वर्षांत लाकडी डेक खाल्ला गेला आणि राहिल्या लोखंडी तुळया. जुन्या वाड्याची कौलं उतरवली की वासे तेवढे उभे राहतात, तसं. फक्त वाडा कुशीवर लवंडलेला. त्या वाशांमधून उन्हाच्या पट्ट्या आत येतात आणि पट्ट्यांत बोटाएवढे पारदर्शक मासे, हजारोंनी. तुम्ही पुढं सरकलात की पडदा बाजूला झाल्यासारखे सरकतात आणि मागून पुन्हा मिटतात. मागच्या टोकाला सुकाणू आणि पंखा अजून आहे, वर गोलाकार भिंतीत खिडक्यांच्या रिकाम्या चौकटी. बाजूला शिडांच्या दोरांसाठीचे लाकडी गोल ठोकळे दिसले, प्रत्येकाला तीन भोकं. एकापुढं थांबलो तर तो चक्क तोंड उघडं टाकून बघणाऱ्या माणसासारखा दिसायला लागला.

मधला भाग कोसळलेला आहे, तिथं रेंगाळू नका. पुढचा आणि मागचा भाग बघा. आत शिरणं सोपं आहे कारण दोन्हीकडून उजेड येतो, तरी टॉर्च न्या, नाही तर तुळयांवरचे मऊ प्रवाळ करडेच दिसतात. टॉर्च पडला की जांभळे. तळाशी बाटल्यांच्या फुटक्या काचा आहेत. उचलू नका. एवढी जुनी वस्तू हात लावायला नसते, आणि लाल समुद्रातून साधा शिंपला नेला तरी विमानतळावर अडकाल.

नाण्यांबद्दल: गाइड डोळा मारून सांगतो की ८,००० पौंडांची नाणी अजून खाली आहेत. हिशेबाचा उगम खरा आहे. त्याच वर्षी विम्यावाल्यांनी डायव्हर पाठवला आणि ४०,००० पैकी ३२,००० पौंड वर काढले. पण तेव्हापासून इतकी माणसं तिथली वाळू चाळून गेलीत की तुमच्यासाठी कोणी काही ठेवलेलं नाही. त्या काळच्या डायव्हरचं मात्र कौतुक करा. जड शिरस्त्राण, वरून पंपानं हवा, आणि याच लाटा. मी ४० युरोंवरून कुरकुरत होतो.

साध्या हवेवर गेलात तर किती वेळ खाली राहायचं त्याच्या तक्त्यात २७ मीटरला ३० चा आकडा धरावा लागतो, म्हणजे २० मिनिटं. फार कमी आहेत. नायट्रॉक्सचं (जादा प्राणवायूची हवा, तिच्यावर खाली जास्त वेळ थांबता येतं) सर्टिफिकेट असेल तर इथं त्याचे पैसे वसूल होतात. आणि कर्नाटिक दिवसाची पहिली डाइव्ह करा. आमचा गाइड जियानिस डी आधी म्हणत होता, कारण फोटो तिचे चांगले येतात. भांडून क्रम बदलून घेतला. दुपारी वारा वाढला तेव्हा आम्ही जियानिसवर होतो आणि वर येणं हाच मोठा कार्यक्रम झाला.

हो, वर येणं. ब्रोशरमध्ये याचा एक शब्द नाही. वर आलात, होडीला दिसावं म्हणून हवा भरलेली लाल नळकांडी उभी केलीत (स्वतःची न्या, भाड्याच्यांना भोकं असतात), होडी आली. होडीला शिडी नाही. पाण्यात शिशाचा पट्टा काढून वर द्यायचा, मग सिलिंडरसकट बीसीडी काढून द्यायची, मग दोरी धरून पाय मारत स्वतःला रबरी काठावर फेकायचं. फिन आधी काढलीत तर संपलात. जोर त्यांचाच असतो. मी काठावर पोट टेकवलं आणि त्याच क्षणी लाटेनं होडी वर आली. बरगडीचा हिशेब तिथला. वर खेचणाऱ्या पोऱ्यानं माझी बीसीडी धरून “यल्ला, यल्ला, बाबा” केलं. वय झाल्याचं इतक्या प्रेमानं कोणी सांगितलं नव्हतं.

बाकी फुटकळ. नोव्हेंबरात पाच मिलिमीटरचा सूट पुरला, पण होडीवर ओल्या अंगानं वारा लागतो, म्हणून वाऱ्याचं जाकीट मोठ्या बोटीवर तयार ठेवा. दिवस निदान तीन हातात ठेवा, एकाच दिवसावर बेत ठरवाल तर वारा हसेल. दोन-तीन डाइव्ह झाल्यावर विमानाआधी किमान १८ तास, मी पूर्ण दिवस सोडला. थिसलगॉर्म (लाल समुद्रातलीच दुसरी बुडालेली बोट) की कर्नाटिक असं विचाराल तर थिसलगॉर्म मोठी आहे, ट्रकबिक आहेत, आणि ठाण्याच्या प्लॅटफॉर्मइतकी गर्दीही आहे. मी कर्नाटिक म्हणेन.

तिसऱ्या दिवशी आमच्या बोटीच्या कॅप्टननं सकाळी खडकाकडे बघून “थांबू या, वारा पडेल” म्हटलं, तेव्हा मला १८६९ आठवून घाम फुटला होता. पण यावेळी वारा तासाभरात खरंच पडला.

सरचार्जचं शेवटी असं झालं: दोनदा मागून, एकदा आवाज चढवून ४० पैकी २० युरो परत मिळाले. त्यातले १५ मी त्या ‘यल्ला बाबा’वाल्या पोऱ्याला दिले.